तिसरीचं वाचन ऐकणारा टॅब : प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५

शाळा १६ तारखेला उघडली. आमची बीड जिल्ह्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आठवडाभर एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला लावलं. तिसरीत काही जण गोष्ट वाचतात, काही परिच्छेदाशी अडतात, आणि काहींची गाडी अजून सुट्या शब्दांवरच आहे. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असर सर्वेक्षणाच्या पायऱ्या आम्ही सगळेच वापरतो : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी आहे. पण उरलेली मुलंही कुणाच्या ना कुणाच्या वर्गात बसलेलीच आहेत, त्यातली काही माझ्या वर्गात.

माझी अडचण साधी आहे. मूल वाचायला शिकतं ते मोठ्याने वाचून, आणि कुणीतरी ऐकून. मी एकाचं ऐकत बसले की दोन इयत्ता मोकळ्या सुटतात. घरी ऐकणारं माणूस बऱ्याच जणांना नाही, आणि असलं तर ते संध्याकाळी शेतातून दमून येतं.

म्हणून या प्रकल्पाचा प्रश्न एवढाच : प्रत्येक मुलाने रोज मोठ्याने वाचावं आणि ते नीट ऐकलं जावं, यासाठी एआयचा उपयोग होतो का? गृहपाठ सोडवणारा चॅटबॉट, स्मार्ट बोर्ड, यातलं काही आम्हाला नको आहे.

४ जुलै

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला. "बाई, आवाज ओळखणारे फुकट नमुने, म्हणजे एआय मॉडेल, मिळतात, मराठीचेसुद्धा. टॅबवर बसवून देतो," म्हणाला. लोकवर्गणीतून घेतलेला एक जुना टॅब शाळेत आहे.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली. अटी आधी ठरवल्या, यंत्र नंतर. इंटरनेट बंद ठेवून चाललं पाहिजे. मुलाचा आवाज टॅबच्या बाहेर जाणार नाही आणि आठवड्याच्या शेवटी पुसला जाईल. मुलांचे नंबर लावायचे नाहीत. पालकाची लेखी संमती हवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. आमची मुलं तर आठ-नऊ वर्षांची.

एका आजींनी विचारलं, "मशीन शिकवायला लागलं म्हणल्यावर बाईला न्हेतेत का काय?" सभेत कुणी हसलं नाही. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची, चर्चा सुरू झाली, तेव्हापासून कमी पटाच्या प्रत्येक गावात ही धास्ती आहे. मी सांगितलं की टॅब फक्त ऐकणार आहे, शिकवणार मीच. इतिवृत्तात हे वाक्य मुद्दाम लिहून घेतलं आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

१८ जुलै

पहिली चाचणी. मूल वाचतं, टॅब ऐकून लिहितो, मग लिहिलेलं आणि पाठातलं ताडून पाहायचं, अशी रचना होती.

पाठात वाक्य होतं : "आजीने चुलीवर भाकरी भाजली." तिसरीतल्या एकाने वाचलं : "आजीने चुलीवर भाकर भाजी." मी शेजारीच बसले होते, कानाने स्पष्ट ऐकलं. टॅबवर उमटलं : "आजीने चुलीवर भाकरी भाजली." आणि पुढे हिरवी खूण.

तोच भाग पुन्हा वाचायला लावला. पुन्हा हिरवी खूण. दुसऱ्या मुलांच्या वाचनातही हेच होत होतं. मूल शब्दाचा शेवट गाळतं आणि टॅब तो भरून लिहितो.

संध्याकाळी माजी विद्यार्थ्याशी फोनवर बोलले, तेव्हा उलगडा झाला. हे नमुने माणसांच्या हजारो तासांच्या बोलण्यावर आणि त्याच्या लिखित रूपावर घडवलेले असतात. आवाज अस्पष्ट असेल तिथे, आधीचे शब्द पाहता पुढे काय येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज ते बांधतात. चुलीवर भाकरी भाजली जाते, म्हणून "भाजली". मजकूर सांगून टाइप करणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. वाचनाच्या तपासणीत मात्र हाच गुण घातक. जिथे पोराला मदत हवी नेमकी तिथेच यंत्र त्याची चूक झाकून टाकतं, आणि बाईला वाटतं, वाचतोय की छान.

शाळांसाठी आवाजावर चालणारं कुठलंही साधन घेण्याआधी ही एक तपासणी प्रत्येकाने करावी. मुद्दाम चुकीचं वाचा आणि काय उमटतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

२५ जुलै

रचना बदलली. आता टॅबला "मूल काय म्हणालं?" हा प्रश्नच विचारायचा नाही. पाठ तर आपल्याला माहीतच आहे. म्हणून विचारायचं, "या जागी हे अक्षर ऐकू आलं का?" नवा नमुना सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे आवाजाचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात कुठलं अक्षर असण्याचा संभव किती, ते सांगतो. पाठातली अक्षरं त्या तुकड्यांवर ओळीने बसवायची. जिथे अक्षर बसत नाही तिथे पिवळी खूण. वाक्याच्या अर्थावरून अंदाज बांधण्याला इथे जवळजवळ वावच राहत नाही. "भाकर भाजी" आता पकडलं जातं.

दुसरी गोष्ट त्या माजी विद्यार्थ्याने दाखवली तेव्हा मी चाटच पडले. यंत्राने ऐकलेलं आणि मूळ पाठ जुळतात का, हे मोजण्यासाठी एक तयार, जगभर वापरला जाणारा प्रोग्राम त्याने आधी घेतला होता. तुलना करण्याआधी तो मजकूर "साफ" करतो. या सफाईत स्वल्पविराम, पूर्णविराम जातात, ते ठीक. पण देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार हे संगणकाच्या लेखी अक्षरांना चिकटलेली चिन्हं असतात, आणि तो तीही खरवडून टाकतो. मग "पाणी" उरतं "पण", "पुणे" उरतं "पण", आणि "पण" तर "पण" आहेच. तिन्ही शब्द एकच! जून-जुलैत मी दुसऱ्या कशासाठी घसा कोरडा करते? याच काना-मात्रांसाठी. तो प्रोग्राम काढून टाकला. नवीन लिहिला तो अक्षर, स्वरचिन्ह आणि जोडाक्षर वेगवेगळं मोजणारा.

८ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार आहे, कारण मला वाटतं प्रकल्पाचा गाभा इथेच आहे.

टॅब आमच्या पोरांना ढीगभर पिवळ्या खुणा देतो. बसून पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच वाचनाच्या चुका नाहीतच. पुस्तकात "वेळ" छापलंय, मूल "येळ" म्हणतं. "विळा"चं "इळा", "पाणी"चं "पानी", "लोणी"चं "लोनी". हे पोर शब्द ओळखून, उलगडून, आपल्या घरच्या बोलीत म्हणतंय. म्हणजे वाचन झालं! उलट "वेळ"ला "वळ" म्हणणाऱ्याची मात्रा सुटली आहे, त्याला काम द्यायला हवं. यंत्राला दोन्ही सारख्याच चुका दिसतात. "येळ"वर रोज पिवळी खूण पाहणारं मूल आठवडाभरात एवढंच शिकेल की आपल्या घरी बोलतात ते चूक आहे.

तांड्यावरच्या मुलांचं आणखी निराळं. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, शाळेत मराठी. त्यांच्या वाचनातले काही उच्चार त्या भाषेतून येतात, आणि ते कुठले हे त्यांच्या आयांना विचारूनच कळतं. दोघी जणी दुपारी येऊन बसल्या. शब्द कसा म्हणतात ते म्हणून दाखवलं, मी लिहून घेतलं.

आता टॅबमध्ये एक "चालतं" यादी आहे. त्यातल्या उच्चारांना खूण लागत नाही. यादीत काय घालायचं ते मी आणि सर ठरवतो, यंत्र नाही. मुलांना प्रमाण उच्चारही कळायला हवेत, ते मी परिपाठात, कविता म्हणून घेताना शिकवते. वाचनाच्या तपासणीत ते मिसळायचे नाहीत.

यंत्राला न कळणारी आणखी एक खूण माझ्या कानाला कळते. मराठीत च आणि ज दोन-दोन तऱ्हांनी म्हणतात आणि लिहिताना फरक दिसत नाही. "चार"मधला च वेगळा, गुरांच्या "चारा"मधला वेगळा. एका मुलीने "चार शेळ्या" वाचताना च "चारा"सारखा म्हटला. अक्षरं सगळी बरोबर, टॅब खूश. मला मात्र लगेच कळलं की ही अक्षराला अक्षर जोडतेय, "चार" हा रोजचा आकडा तिच्या ध्यानातच आला नाही. विचारलं, "शेळ्या किती होत्या?" गप्प. मग बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा डोळे चमकले, "चार!" वाचन ते इथे घडलं, आणि टॅबच्या हिरव्या खुणेनंतर घडलं. ही जागा बाईची आहे. जे कुणी म्हणतात की वाचनाची तपासणी पूर्ण यंत्रावर सोपवता येईल, त्यांनी एकदा पायाभूत वर्गात येऊन बसावं.

२ सप्टेंबर

वेगाचा प्रश्न. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत या केंद्राच्या अभियानाचं उद्दिष्ट तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. टॅब आपोआप शब्द मोजतो, म्हणून हा आकडा पडद्यावर सारखा समोर येऊ लागला.

पण शब्द कुठला मोजायचा? "घरासमोरच्या झाडाखालून" हे मराठीत दोन शब्द झाले. हिंदीत तेच "घर के सामने वाले पेड़ के नीचे से", म्हणजे आठ. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, शब्द लांबतो, आकडा घटतो. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक परिषदेने २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वाचनाचे निकष वेगवेगळे ठेवले ते याचसाठी योग्य होतं. आम्ही टॅबवर मिनिटाला अक्षरं मोजायला लावली आणि आकडा मुलाच्या पडद्यावरून काढला. तो फक्त माझ्या पानावर दिसतो. पळत वाचायची शर्यत लागली की अर्थ मागे पडतो. दोनच दिवसांत तसं व्हायला लागलं होतं.

२६ सप्टेंबर

अतिवृष्टी. मराठवाडाभर पाणी. आमच्या दोन मुलांच्या घरात शिरलं, वह्या-पुस्तकं गेली. टॅब कपाटात कोरडा आहे, पण या आठवड्यात त्याला हात लावलेला नाही. पुस्तकं गोळा करणं चालू आहे.

१० ऑक्टोबर

रोजचं काम आता असं बसलंय. मुलं गटाने. एक गट माझ्याजवळ, एक गट आपापलं लेखन करतो, आणि एकेक जण व्हरांड्याच्या टोकाला टॅबजवळ जातो. पत्र्यावर पाऊस पडत असला तर टॅब बंद, काही ऐकू येत नाही त्याला. माइक असलेला साधा हेडफोन घेतल्यावर वर्गाचा गोंगाट बराच कमी झाला. लहान मुलांचा आवाज पकडायला अशा नमुन्यांना मुळातच जड जातं. ते मुख्यतः मोठ्या माणसांच्या बोलण्यावर घडलेले असतात, आणि आठ वर्षांच्या पोराची स्वरपट्टी मोठ्या पुरुषाच्या दुपटीहून वर असते. म्हणून खूण लागली तरी टॅब "चूक" म्हणत नाही, "हा शब्द पुन्हा म्हणून बघ" एवढंच म्हणतो. शब्दयोजना सरांची.

दुपारच्या सुट्टीत, पोषण आहार वाटून झाल्यावर, मी खुणांचं पान बघते. उद्याचे गट त्यावरून ठरतात. आज कळलं की रफार आलेल्या शब्दांशी जवळजवळ सगळेच अडखळतात : "सूर्य", "पर्वत", "गर्दी". मला हे ढोबळ माहीत होतं, आता कुणाचं कुठे अडतं ते माहीत आहे. उद्या फळ्यावर रफार.

सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला, तर स्वतःचा आवाज ऐकण्याने. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी आहे. ती टॅबजवळ वाचते, मग हेडफोन लावून स्वतःचं वाचन ऐकते आणि मध्येच मान हलवते, "चुकलं माझं," म्हणून परत वाचते. तीन-चारदा. कुणी सांगितलेलं नाही. यात एआयचा काडीचा संबंध नाही, साध्या रेकॉर्डरनेही हे होतं. ज्या शाळेत टॅब नाही तिथे बाईच्या मोबाइलवर हे उद्या सुरू करता येईल, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि निम्मा वर्ग आईबापांसोबत ऊसतोडीला गेला. आता मार्च-एप्रिलपर्यंत कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, उसाचा फड आणि कारखाना. आजी-आजोबांकडे आणि हंगामी वसतिगृहात काही मुलं थांबली आहेत.

३० ऑक्टोबरला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार हा अभ्यासक्रमाचा भाग होणार. मुलांना हे जग कळायला हवं, खेड्यातल्या मुलांना तर आधी. त्याला माझा विरोध नाही. पण तिसरीच्या ज्या मुलाला परिच्छेद वाचता येत नाही त्याच्यापर्यंत एआयचा धडा पोचणार कसा? तो धडाही वाचूनच शिकायचा आहे. एआयला आधी वाचन शिकवण्याच्या कामाला लावा, मग एआयबद्दल शिकवा, असा क्रम मला हवा आहे.

गेलेल्या मुलांचं काय करायचं, यावर सरांशी बोलले. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, त्यावरून तिकडची शाळा त्याला बसवून घेते. पण तो कुठपर्यंत वाचतो, हे तिकडच्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. आम्ही टॅबच्या खुणांवरून प्रत्येकाचं अर्ध्या पानाचं पत्रक हाताने लिहिलं : "परिच्छेद वाचतो. रफार आणि ऱ्या अडतो. घरी गोरमाटी बोलतो. कोंबड्यांच्या गोष्टी आवडतात." ते कार्डासोबत दिलं. एका बापाने ते घडी घालून आधार कार्डाच्या पिशवीत ठेवलं.

२१ नोव्हेंबर

वाचायला नवा मजकूर पुरत नाही. पाठ्यपुस्तक पाठ झालेलं असतं, मग टॅबही फसतो आणि मीही. म्हणून सरांनी चॅटबॉटकडून गोष्टी लिहून घेतल्या. हे आम्हा मोठ्यांनीच करायचं ठरलंय. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात असली साधनं मुलांच्या हाती द्यायला किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे.

"जोडाक्षर नसलेली, तिसरीच्या मुलांसाठी गोष्ट" अशी मागणी केली. गोष्ट आली, व्याकरण शुद्ध, पण दुसऱ्याच ओळीत "जंगलातील मित्रांनी एकत्र येऊन निर्णय घेतला." जोडाक्षरं नकोत म्हणून सांगूनही तीन. आणि मराठी अशी की आमच्या गावात कुणी बोलत नाही. सफरचंदाचं झाड, शेकोटी, ससा आणि कासव. बदल सांगत गेलं की सुधारतं, पण तेवढ्या वेळात आपणच लिहून होतं.

मग चौथीच्या मुलांनाच सांगायला लावलं. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. "मामाने उसाची मोळी उचलली. मोळीत साप होता. मामा ओरडला." पुढचं ऐकायला तिसरी धावत येते. जोडाक्षर आलं का हे तपासायला माजी विद्यार्थ्याने चार ओळींचा प्रोग्राम दिला, तो मजकुरात पाय मोडल्याचं चिन्ह शोधतो, बस. बिनचूक चालतो. चॅटबॉट मी ठेवलाय तो पत्रव्यवहारासाठी आणि टाचणांच्या मसुद्यासाठी. तिथे वेळ वाचतो, आणि परवा माझी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे, वेळ हवाच आहे.

५ डिसेंबर

एका बैठकीत या प्रकल्पाचं कौतुक झालं आणि लगेच सूचना आली : टॅबचे गुण दर आठवड्याला वर पाठवा, सगळ्या शाळांची तुलना करता येईल. मी उभी राहून नाही म्हणाले, कारणंही दिली, ती इथे लिहिते.

या खुणा उद्याचा गट ठरवण्यापुरत्याच खात्रीच्या आहेत. पावसात वाचलं तर बदलतात, हेडफोन बदलला तर बदलतात. "चालतं" यादी प्रत्येक गावाची वेगळी असणार, मग तांड्याची शाळा आणि शहरालगतची शाळा एका मापाने मोजणार कशी? आणि आकडा वर जायला लागला की मास्तर आकड्यासाठी शिकवायला लागतो. आज जे पान बघून मी रफार घेते, तेच पान उद्या मी सजवायला बसेन. शिवाय पालकांनी सह्या केल्या आहेत त्या आवाज शाळेतच राहील या अटीवर.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने आम्हाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. माहिती भरणं अनेकदा अशैक्षणिक कामात मोजलंच जात नाही, पण वर्गातला वेळ तेच सगळ्यात जास्त खातं. एआयने शिक्षकाचं एखादं ओझं उतरवायचं असेल तर ते हे उतरवावं. नवीन रकाना वाढवू नये.

बैठकीनंतर दोन शाळा-केंद्रांतल्या बाई येऊन भेटल्या. त्यांना टॅबवरच्या प्रोग्रामची फाइल हवी आहे.

१८ डिसेंबर

फाइल दिली, सोबत एक कागद. आधी दोन आठवडे प्रत्येक मुलाचं स्वतःच्या कानाने ऐका आणि लिहा. मग टॅबने ऐकलेलं त्याच्याशी ताडा. जिथे जुळत नाही तिथे स्वतःचं लिहिलेलं धरा. "चालतं" यादी आमची घेऊ नका, तुमच्या गावच्या आयांना बोलावून तुमची करा. संमतीपत्राचा नमुना जोडला आहे. शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही.

वसतिगृहातल्या मुलांसाठी संध्याकाळी टॅब तिकडे न्यायचा का, हे अजून ठरायचं आहे. तिथल्या मावशींना वाचता येतं आणि मुलांजवळ बसायची त्यांची तयारी आहे. सोमवारी त्यांना शाळेत बोलावलंय, आधी त्यांनाच दोन-चार मुलांचं वाचन ऐकायला बसवणार आहे.